किमान नियमांपलीकडचे घर : रायपूरच्या उन्हाचे गणित

बांधकामाचे नियम घर कोसळू नये, आगीत सापडू नये आणि त्यात उजेड-वारा यावा एवढी तजवीज करतात. पण मे महिन्यातल्या रात्री त्या घरात झोप लागेल काय, हा प्रश्न भारतीय नियमावलींनी फार उशिरा हाती घेतला. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली आणि निवासी इमारतींच्या भिंती, छत व खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा प्रथमच ठरवून दिली. तथापि ही संहिता 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आखलेली असल्याने, रायपुरात हजार-पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारे कुटुंब तिच्या कक्षेबाहेरच राहते.

रायपूरचे हवामान ‘संमिश्र’ गणले जाते, म्हणजे तेथे कोणताही एक ऋतुप्रकार वर्षातील सहा महिने टिकत नाही. कोरड्या मे महिन्यात उत्तम चालणारा कूलर जुलैच्या दमटपणात निरुपयोगी ठरतो, म्हणून यंत्रावर विसंबण्याआधी उष्णता बाहेरच अडवणे हेच तेथील गृहरचनेचे पहिले काम आहे.

त्यात सर्वांत दुर्लक्षित भाग छताचा. रायपूर सुमारे सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि भिंतींपेक्षा गच्चीच अधिक तापते. आतल्या व बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता पार होते, त्याला ‘यू-मूल्य’ म्हणतात. संहितेनुसार छताचे यू-मूल्य 1.2 हून अधिक नसावे. सहा इंची उघड्या स्लॅबचे ते तीनच्याही वर जाते. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा पाणी अडवतो, पण उष्णता पुरेशी अडवत नाही. स्लॅबवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीन फोमचा थर आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझेकचा पृष्ठभाग दिल्यास ही मर्यादा सहज गाठता येते.

सूर्याच्या याच मार्गावरून खिडक्यांचेही उत्तर मिळते. दक्षिणेच्या खिडकीला आखूड छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य माथ्यावर असतो आणि डिसेंबरात तो 45 अंशांपर्यंत खाली आल्याने हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेकडे मात्र छज्जा हतबल होतो; तिथले तिरपे ऊन उभ्या पट्ट्या, जाळी, पडवी किंवा झाडच अडवू शकते. छत्तीसगडी खेड्यांतील मातीची घरे याची जाण ठेवूनच उभी राहिली होती : समोर परछी, म्हणजे पडवी, आणि वर हवेला फटी देणारी खापरांची उतरती छपरे. सरगुजातील सोनाबाई रजवार यांनी घरात मातीच्या जाळ्या घडवल्या, त्या आज कलाकृती म्हणून ओळखल्या जातात. ऊन गाळून वारा आत घेण्याचे कामही त्या करत होत्या.

भिंतींबाबत एक गैरसमज आहे. कोरबाच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राज्यात फ्लाय ॲशच्या विटा मुबलक मिळतात, आणि त्या सुपीक माती व भट्टीचे इंधन वाचवतात हे खरेच. पण त्या भाजलेल्या विटेइतकीच उष्णता वाहून नेतात, त्यामुळे पर्यावरणाला हितकारक असलेली भिंत थंडही असेल असे नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य दोनच्या आसपास असते, तर आठ इंची एएसी ब्लॉकचे, म्हणजे हवेचे बुडबुडे कोंडलेल्या हलक्या काँक्रीटचे, त्याच्या निम्म्याहून कमी. विटाच वापरायच्या असतील तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ‘रॅट-ट्रॅप’ रचना, ज्यात विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवतात, सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते आणि उष्णताही रोखते.

जर्मनीत 1991 पासून नावारूपाला आलेले हवाबंद ‘पॅसिव्हहाउस’ आदर्श मानले जाते, पण कडाक्याच्या थंडीसाठी जन्मलेली ही कल्पना जशीच्या तशी उचलणे रायपुरात चुकीचे ठरेल. तिथे वारा खेळायलाच हवा, आणि संमिश्र हवामानात उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावी असे संहिता सांगते. सरकत्या खिडकीची अर्धीच जागा उघडते, याचा हिशेब बहुतेक नकाशांत धरलेला नसतो.

हे सारे स्लॅब पडण्यापूर्वी कागदावर ठरले, तर खर्च थोडाच वाढतो; घर बांधून झाल्यावर मात्र पश्चिमेची खिडकी हलवता येत नाही. म्हणून नकाशावर सही करण्याआधी घरमालकाने वास्तुविशारदाकडून छताचे यू-मूल्य, पश्चिमेकडील काचेचे क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण लेखी मागून घ्यावे.