खवले मांजर

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गांत सृष्टिज्ञानाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें गळ्यांतील काळ्या दोऱ्यांत ओंवलेला एक पिंगट तुकडा मजपुढें धरिला आणि "सर, हें कशाचें ?" असा प्रश्न केला. दृष्ट लागूं नये म्हणून आजीनें तो बांधिला होता. तो खवले मांजराचा खवला होता. त्या वेळीं वर्गांत जें सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें देत आहें.

नांवांत मांजर असलें तरी हा प्राणी मांजराच्या जातीचा नव्हे. अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी सर्व जगांत हाच. ह्याच्या चार जाती आशियांत व चार आफ्रिकेंत मानितात. आफ्रिकेंतील कांहीं जाती बहुतेक आयुष्य झाडांवरच काढितात. आपल्या सह्याद्रींत व कोकणांत आढळणारी जात बिळांत राहते. तथापि मुंग्यांच्या शोधांत तीही झाडावर चढते आणि शेपटीच्या आधारानें तोल सांभाळिते. दक्षिण अमेरिकेंतील मुंगीखाऊ हा ह्यांचा सोयरा नव्हे; दोघांचें अन्न एक, म्हणून अवयव सारखे झाले.

ह्या प्राण्याला एकही दांत नाहीं. रात्र पडल्यावर तो वासावरून मुंग्या व वाळवी हुडकितो, पुढील पायांच्या बळकट नखांनीं वारूळ फोडितो आणि लांब, चिकट जीभ आंत घालितो. ह्या जिभेचें मूळ घशांत नसून छातीच्या हाडाच्या टोंकाजवळ असतें. भक्ष्य दळण्याचें काम पोटांत गेलेले बारीक खडे करितात. मादीला बहुधा एकच पिलूं होतें. तें तिच्या शेपटीवर बसून फिरतें. संकट येतांच आई त्याला पोटाशीं धरून अंगाचा चेंडू करिते. मलायी भाषेंतून आलेल्या 'पँगोलिन' ह्या नांवाचा अर्थही गुंडाळून घेणारा असाच आहे.

हा चेंडू बिबट्यालाही सहसा उलगडत नाहीं. पण माणसानें तो नुसता उचलून पोत्यांत टाकावा ! पळणें नाहीं, चावणें नाहीं. जें कवच श्वापदांपासून राखितें, तेंच मनुष्यापुढें घातक ठरतें.

आणि हा घात कशासाठीं ? खवला ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याचीं आपलीं नखें बनलेलीं आहेत. नख उगाळून रोग बरा होत नाहीं, तसा खवल्यानेंही होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत ह्याला स्थान आहे. शिकार करणारास किमान ३ वर्षांची कैद होते. २०१७ पासून सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाहीं.

कायद्याहून लोकांचें मन मोठें. चिपळूण तालुक्यांतील डुगवे गांवीं सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या साहाय्यानें ग्रामस्थांनीं २०२० सालीं 'खवलोत्सव' केला आणि ह्या प्राण्याला अभय दिलें.

आपल्या माण गांवाच्या एका अंगास हिंजवडीच्या उंच कचेऱ्या, तर पलीकडे मुळशीचे डोंगर. वारुळें सपाट होत चाललीं आहेत. पालकांस विनंती कीं, असा प्राणी दिसल्यास गर्दी करूं नये, त्याला डिवचूं नये; वनखात्यास कळवावें.

त्या मुलानें घरीं जाऊन आजीला सर्व हकीकत सांगितली. ती म्हणाली, "हें मला कोणी सांगितलेंच नव्हतें रे !" विद्यार्थिमित्रहो, परमेश्वरानें ह्या मुक्या जीवाला ओरडावयास आवाज दिला नाहीं, तुम्हांस मात्र वाचा दिली आहे. ती घरोघरीं ह्या कामीं लावा.