मुंबईला जोडलेला सोपारा

सकाळी सातच्या सुमारास नालासोपाऱ्याच्या फलाटावर चर्चगेटला जाणारी माणसं आधी उलट्या दिशेने विरारला निघालेली दिसतात. विरारला जागा धरायची आणि तीच गाडी मागे फिरली की बसून मुंबई गाठायची. एका छोट्या गावाची अर्थव्यवस्था शेजारच्या अजस्र बाजारपेठेला जोडली गेली की काय होतं, हे या गर्दीइतकं स्पष्ट कुठलाही तक्ता सांगत नाही. इथून रोज निर्यात होते ती माणसांच्या कष्टाची.

एकेकाळी व्यापार या गावाकडे चालत येत असे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडला. ग्रीक दर्यावर्दींच्या नोंदींत सोपारा बंदर आहे. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर संपलं.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर शंभरेक वर्षं या पट्ट्याचं मुंबईशी नातं मालाचं होतं: केळी, विड्याची पानं, भाजी, फुलं, आगाशीची सुकेळी. मालडब्यातून मोगऱ्याच्या टोपल्या दादरला जात आणि पैसा वाडीत परत येई. जमीन वाडीवाल्याची होती, म्हणून नफाही त्याचाच.

मग मुंबईतल्या जागा आवाक्याबाहेर गेल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि कामगारवस्ती उत्तरेकडे सरकली. १९८८ मध्ये शासनाने वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला केला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. हरित पट्टा वाचवा म्हणणारे शेतकरी चुकीचं बोलत नव्हते. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती.

अंधेरीत कमावलेल्या पगाराचा मोठा भाग भाडं, हप्ता, किराणा आणि शाळेच्या फीच्या रूपाने इथेच खर्च होतो, हा फायदा खरा आहे. पण हा पगार मिळवणारा माणूस ज्या कार्यालयात राबतो त्याचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेला जातो. त्याच्या मुलांची शाळा, घरचं पाणी आणि सांडपाणी मात्र सोपाऱ्याने पाहायचं, तेही वन रूम किचनच्या घरपट्टीवर. अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. जमीन विकणाऱ्यांचे पैसे केव्हाच करून झाले होते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दहिसरच्या नाक्यावरची जकात बंद झाली. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून निघालेला टेम्पो आता जकातीसाठी थांबत नाही, आणि छोट्या कारखानदाराला ही मोठीच सुटका वाटली. मुंबईला मात्र बुडालेल्या जकातीची भरपाई राज्याकडून मिळते आणि ती आधीच्या उत्पन्नावर बेतलेली आहे. ज्याचा गल्ला मोठा होता, त्याचाच मोठा राहिला.

मोठ्या बाजारपेठेला जोडल्या गेलेल्या छोट्या प्रदेशाचं दुसरं उदाहरण म्हणजे लॅटव्हिया. तो २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. तरुण परदेशी गेले आणि जवळपास २३ लाखांचा देश आज १९ लाखांच्या खाली आला. त्या देशाला रस्ते, शाळा, उद्योग यांसाठी संघाच्या तिजोरीतून नियमाने निधी मिळाला. सोपाऱ्याचं उलट आहे. इथली माणसं रात्री परत येतात, शिवाय नवी भर पडते. पण मागास भागाला हक्काने वाटा देणारी तशी तिजोरी मुंबई महानगर प्रदेशात नाही. सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारसाठी आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) केलेलं हे काम मोलाचं आहे, पण ते एका योजनेपुरतं, आणि वर्षानुवर्षं टँकर मोजल्यावर मिळालेलं.

आता विरारला बुलेट ट्रेनचं स्थानक येतंय, जिल्ह्यात वाढवण बंदर मंजूर झालंय. जोडणी वाढणारच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन जो पैसा उभा राहतो, त्यातला ठरावीक हिस्सा कायद्यानेच सोपाऱ्यासारख्या शहरांच्या सांडपाण्यासाठी आणि शाळांसाठी बांधून द्यायला हवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, हा हिस्सा किती आणि कधी मिळणार ते विचारा.