पिकअपचा डीपीएफचा दिवा लागला? फिल्टर बदलायच्या आधी हे वाचा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. या ६१ दिवसांत मासळीच्या गाड्याही बऱ्याच उभ्याच असतात. १ ऑगस्टला ट्रॉलर बाहेर पडले की गाड्यांची एकदम धावपळ सुरू होते, आणि मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. गॅरेजवाला सांगतो, "डीपीएफ चोक झाला, नवीन टाकावा लागेल." खर्च ऐकून माणूस गप्प होतो. पण दर वेळी फिल्टरच बाद झालेला असतो असं नाही.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना हा फिल्टर असतो. आपल्या बोटीच्या इंजिनाला तो नसतो, त्यामुळे बोटीवरचा अनुभव इथे फारसा चालत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. धूर त्यांच्या भिंतींतून गाळून बाहेर जातो, काजळी आत राहते. ही साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. गाडी लांब पल्ल्याला एका लयीत चालली की काजळी थोडी थोडी जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर इंजिनचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवतो. गॅरेजमध्ये याला 'रिजन' म्हणतात.

आता आपल्या गाड्या कशा चालतात बघा. पहाटे मालीम जेटीवर लिलाव संपेपर्यंत इंजिन चालूच, मग म्हापसा नाहीतर पणजी मार्केट, तिथे परत उभी. फिल्टर तापायच्या आतच इंजिन बंद. रिजन अर्ध्यावर तुटतं, असं रोज झालं की काजळी साठणारच. तीच गाडी चोर्ला घाट चढून बेळगावला मासळी घेऊन जात असेल, तर हा त्रास सहसा होत नाही. घाट चढताना इंजिनवर लोड येतो, सायलेन्सर चांगला तापतो.

म्हणून नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर घाबरू नका. हायवेवर वीस-तीस मिनिटं न थांबता चालवा, एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर राहू द्या. टाकीत डिझेल पुरेसं हवं. रिझर्व्हला आलेली असेल तर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. गाडी उभी असताना आयडल वाढलेला, पंखा जोरात फिरतोय, गरम वास येतोय, म्हणजे रिजन चालू आहे. तेव्हा चावी फिरवू नका.

दिवा लुकलुकायला लागला, बरोबर इंजिनचा दिवाही लागला किंवा गाडीने ताकद सोडली, तर मात्र पळवून जाळायचा प्रयत्न नको. गॅरेजला न्या आणि आधी स्कॅनर लावायला सांगा. काजळी किती भरली आहे, शेवटचं रिजन कधी पूर्ण झालं आणि दुसरा कुठला कोड आहे, हे तिथे दिसतं.

आपल्या गाड्यांत एक जागा मुद्दाम बघून घ्या. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, त्याला दोन बारीक नळ्या जातात. नळी फाटली, चोंदली किंवा सुटली की सेन्सर चुकीचं सांगतो. त्यात आपल्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी खाली ठिबकतं. ते कनेक्टरवर पडलं तर पिना हिरव्या पडतात. अशा वेळी नवीन फिल्टर टाकूनही दिवा परत लागतो. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, ती झाल्याशिवाय फिल्टरच्या ऑर्डरला हो म्हणू नका.

काजळी खरोखरच भरली असेल तर का भरली, तेही शोधायला हवं: इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय का, ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय का, टर्बोचा पाइप लीक आहे का. हे न बघता नुसतं गॅरेजमध्ये रिजन मारलं तर महिन्याभरात परत तेच.

ऑइलचंही तसंच. ट्रॉलरसाठी आणलेल्या ड्रममधलं ऑइल पिकअपमध्ये ओतू नका. बीएस-६ ला कमी राखेचं ऑइल लागतं, ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती आतच बसते. ती काढायला फिल्टर खोलून मशीनवर साफ करावा लागतो. आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खुश होऊ नका. अर्धवट रिजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. खुणेच्या वर गेलं असेल तर ऑइल बदला.

"फिल्टर आतून फोडून देतो, कटकट संपली" असं सांगणारेही भेटतील. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि तो धूर जेटीवर आपल्याच नाकातोंडात जातो.

एक शेवटचं. रिजनच्या वेळी आणि त्यानंतर काही वेळ सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. जेटीवर गाडी लावताना मागे जाळ्यांचा ढीग, थर्माकोलचे खोके, डिझेलचे कॅन नाहीत ना, बघून घ्या. सुक्या गवतावरही गाडी उभी करू नका.