गीझर पेटत नाही? आणि पेटत असेल, तरीही ऐका

आजचा एपिसोड गॅस गीझरवर. विषय साधा वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा.

गेल्या डिसेंबरात पाचाडला घरी होतो. रायगडाच्या पायथ्याशी पहाटे चांगलंच गार पडतं, म्हणून आईने बाथरूमच्या झरोक्यात पोतं कोंबलं होतं. बाबा अंघोळ करून आले आणि पडवीत मटकन बसले. डोकं जड, मळमळ. "पित्त झालं असेल," आई म्हणाली. मी आत डोकावलो. गीझरची ज्योत पिवळी, वरच्या पत्र्यावर काजळी! गीझर बंद केला, बाबांना अंगणात मोकळ्या हवेत आणलं आणि थेट डॉक्टरकडे नेलं. बाबा वाचले.

आता आधी नेहमीची तक्रार, 'पेटत नाही'. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला स्विच दाबला जातो, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. यातली एक कडी तुटली की गाडी अडली.

टक-टक आवाजच येत नाही? सेल बदला. तरी नाही, तर पाण्याचा दाब बघा. टाकी फार उंच नसेल तर दाब पुरत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्याने जाळी बुजते. गॅस आणि पाणी बंद करून ती धुवा.

टक-टक होते, पण ज्योत नाही? सिलिंडर आणि रेग्युलेटर तपासा. पुन्हा पुन्हा नळ सोडू नका, न जळलेला गॅस साठतो. नळ बंद, दार उघडं, थोडं थांबा.

गॅसचा वास येतोय? बटण नको, काडी नको. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो.

पण मी कोड लिहितो ना, म्हणून सांगतो: एरर देणारा प्रोग्राम परवडला, गुपचूप चुकणारा नाही. न पेटणारा गीझर फक्त अंघोळ लांबवतो. बंद खोलीत मस्त चालणारा गीझर जीव घेतो.

हिशोब करा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण 10 किलोवॅट लागतात. म्हणजे शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम, तेही एवढ्याशा बाथरूममध्ये! प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग चक्कर येते, मग हातपायच चालत नाहीत. कडी उघडायची म्हटलं तरी जमत नाही.

उपाय एकच: गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आमचा आता परसदारी, पागोळीखाली आहे. तोवर बादली भरा, गीझर बंद करा, मगच अंघोळीला जा. झरोका कधीच बुजवू नका. ज्योत पिवळी दिसली तर गीझर वापरू नका, बर्नर स्वतः उघडू नका, मेकॅनिकला बोलवा. आणि आत कुणी पडलेलं दिसलं, तर दार उघडा, गॅस बंद करा, बाहेर ओढा, 108 लावा.

आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, "आई, झरोका उघडा आहे ना?" भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!