रुंद टायर, अरुंद रिम



गेल्या पावसाळ्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याने डोंगरवाटांवर हिंडण्यासाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी घेतली होती आणि तिला मूळच्यापेक्षा दोन आकार रुंद, खोल नक्षीचे टायर बसवले होते. रिम मात्र कारखान्यातून आलेल्याच ठेवल्या होत्या. चिखलातून जाण्याआधी त्याने हवा कमी केली. एका उतरत्या बांधावर गाडी आडवी वळवताना टायर रिमवरून निसटले आणि गाडी एका बाजूला बसली. वेग चालण्याइतकाच होता, म्हणून कोणाला लागले नाही. "सर, पंक्चर नाही, टायर फुटलेलेही नाही. मग झाले काय?" असा त्याचा प्रश्न होता.

दोष गाडीचा नव्हता, टायरचाही नव्हता. दोघांची जोडी चुकली होती. हेच घाटातल्या वळणावर साठच्या वेगाने झाले असते तर? म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ या. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या शालेय पुस्तकाबाहेरचे नाही.

टायरवरचे आकडे

रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीचे टायर जवळून पाहा. त्याच्या बाजूवर आकड्यांची एक ओळ उठावात छापलेली दिसेल. २०२३ साली भारतात विक्रीला आलेली पाच दारांची जिम्नी ही गाडी उदाहरणासाठी घेऊ. तिच्या टायरवर १९५/८० आर १५ असे असते. यातील १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. 'आर' हे अक्षर टायरच्या आतील धागे त्रिज्येच्या दिशेने घातलेले आहेत असे सांगते. शेवटचा आकडा १५ हा रिमचा व्यास असून तो इंचांत असतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! परिमाणांची अशी खिचडी विज्ञानाच्या पेपरात तुम्ही केलीत तर गुण जातील, पण टायरच्या धंद्यात ती रूढ झाली आहे.

आता व्यास काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशी दोनदा १५६ मिळवा. उत्तर आले ६९३ मिलिमीटर.

रुंद टायरांपैकी दोन आकार घेऊ: २१५/७५ आर १५ आणि २३५/७५ आर १५. त्यांचे व्यास याच रीतीने वहीत काढा. अनुक्रमे ७०३.५ आणि ७३३.५ मिलिमीटर येतात. म्हणजे पहिल्यात वाढ दीड टक्का, तर दुसऱ्यात जवळजवळ ६ टक्के. तिन्हींचा शेवटचा आकडा १५ च आहे, त्यामुळे तिन्ही टायर त्याच रिमवर चढतात. पण चढणे वेगळे आणि बसणे वेगळे.

रिमची रुंदी

रिमला व्यासाबरोबर रुंदीही असते, आणि टायरवरच्या त्या ओळीत ती लिहिलेली नसते. वरील गाडीची रिम ५.५ इंच, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर रुंद आहे. ही रुंदी रिमच्या दोन उभ्या काठांच्या आत मोजतात.

टायरच्या दोन्ही आतल्या कडांमध्ये पोलादी तारांची वेढी असतात. त्या कडा रिमच्या काठांना टेकून बसतात. त्यांना तेथे दाबून धरणारी मुख्य शक्ती कोणती? आतल्या हवेचा दाब. मोटारीच्या चाकाला आता बहुधा ट्यूब नसते, त्यामुळे कड जागची हलली की हवा एकदम निघून जाते.

आता तुलना करा. १४० ही लांबी १९५ च्या सुमारे ७२ टक्के आहे, २१५ च्या ६५ टक्के, आणि २३५ च्या अवघी ६० टक्के. पातेल्यापेक्षा त्यावरचे ओझे अधिकाधिक बाहेर झुकावे तसे हे आहे. टायरच्या दोन्ही बाजू रिमच्या बाहेर फुगतात आणि त्याचा छेद फुग्यासारखा गोल होतो. याचे परिणाम तीन. पहिला, टायर मधल्या पट्ट्यावर अधिक टेकते आणि तेथेच लवकर झिजते. दुसरा, वळणावर गाडी बाजूला रेटली जाते तेव्हा उंच, फुगीर बाजू लवतात आणि गाडी डुलते. तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. बाजूने आलेले बल टायरची कड रिमच्या काठावरून उपटू पाहते. अशा वेळी हवा कमी असेल तर कडेला धरून ठेवणारी शक्तीच कमी पडते. माझ्या विद्यार्थ्याचे टायर निसटले ते असे.

टायर बनवणारे प्रत्येक आकारासाठी रिमची किमान व कमाल रुंदी तक्त्यात देतात. २१५/७५ आर १५ साठी ती ५.५ ते ७ इंच आहे, तर २३५/७५ आर १५ साठी ६ ते ८ इंच. म्हणजे ५.५ इंचांच्या रिमवर पहिले टायर अगदी सीमेवर बसते आणि दुसरे सीमेबाहेर जाते.

रुंद टायर जमिनीला अधिक टेकते का?

"पण रुंद टायरचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते चिखलात रुतत नाही," असे तुम्ही म्हणाल. हे विधान अर्धेच खरे आहे.

समजा, माणसांसह गाडीचे वजन १५०० किलोग्रॅम आहे. प्रत्येक चाकावर साधारण ३७५ किलोग्रॅम भार आला. हवा भरणाऱ्याने २६ पौंड हवा भरली. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलोग्रॅम होतो. टायरच्या बाजूंचा ताठपणा क्षणभर विसरून जा. मग हा भार तोलण्यासाठी जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ किती हवे? ३७५ भागिले १.८३, म्हणजे सुमारे २०५ चौरस सेंटिमीटर. अख्खी गाडी प्रत्येक चाकाखाली दीड पोस्टकार्डाहून थोड्या अधिक जागेवर उभी असते!

या हिशेबात टायरची रुंदी कोठे आली? कोठेच नाही. भार तोच आणि दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळजवळ तेच. फरक पडतो तो आकारात. टेकलेला पट्टा १५ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची लांबी १३.७ सेंटिमीटर होईल. रुंदी १८ केली तर लांबी ११.४ वर येईल.

क्षेत्रफळ खरोखर वाढवायचे असेल तर दाब कमी करावा लागतो. हवा २६ वरून १३ पौंडांवर आणली तर क्षेत्रफळ हिशेबाने दुप्पट, म्हणजे ४१० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या बाजूही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षात वाढ त्याहून कमी असते. पण ही वाढ मुख्यतः लांबीत होते, हे लक्षात ठेवा. लांब पट्टा कमी रुततो, आणि चाकासमोर वाळूचा बांध ढकलत नेण्याचे काम मात्र तितके वाढत नाही. रुंद टायरला समोरचा अधिक रुंद बांध ढकलावा लागतो.

राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैनिकी अभियंत्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या हाकल्या. मऊ वाळू आली की हवा कमी करायची, हे त्याच्या प्रवासाचे एक मुख्य तंत्र होते. पुढे वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर त्याने १९४१ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

आपल्याकडचा चिखल निराळा. वर चार बोटे राड आणि खाली टणक मुरूम असेल तर अरुंद टायर राड कापून मुरुमाला पोचते आणि रुंद टायर वरच घसरते. काळ्या जमिनीत खोलवर गाळ असेल तर गोष्ट उलटते. आमच्या लहानपणी लोखंडी धावेच्या बैलगाड्या पावसाळ्यात तुंब्यापर्यंत रुतत, आणि त्याच वाटेवरून रबरी चाकांच्या गाड्या निघून जात. तेव्हा 'रुंद चांगले की अरुंद?' या प्रश्नाला 'कोणत्या जमिनीवर?' हाच पहिला प्रतिप्रश्न आहे.

वाढलेल्या व्यासाची किंमत

वेगदर्शक काटा चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो. ६९३ मिलिमीटरच्या चाकाला एका किलोमीटरला सुमारे ४५९ फेरे लागतात, तर ७३३.५ च्या चाकाला ४३४ च. काटा नव्या टायरविषयी काही जाणत नाही. मूळ टायरवर जो आकडा बरोबर ८० ला दिसत असेल, तोच आता सुमारे ८५ ला दिसेल.

दुसरी गोष्ट जोराची. इंजिन चाकाला जे बलाघूर्ण देते त्याला त्रिज्येने भागले म्हणजे जमिनीवरचे ढकलणारे बल मिळते. त्रिज्या ६ टक्के वाढली की हे बल साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते. ब्रेकलाही हाच नियम लागू आहे. पायाने तितकेच दाबले तरी गाडी अडवणारे बल कमी मिळते.

तिसरी गोष्ट वजनाची. परिघावरचे वस्तुमान गाडीबरोबर पुढेही जाते आणि चाकाबरोबर फिरतेही. दोन्ही गतिज ऊर्जा जवळपास सारख्याच भरतात. म्हणून टायरच्या परिघावर वाढलेला एक किलोग्रॅम, वेग वाढवताना, गाडीत ठेवलेल्या दोन किलोग्रॅमइतका जड पडतो.

एवढे मोजून मिळते काय? गाडीचे पोट जमिनीपासून व्यासातील वाढीच्या निम्मे, म्हणजे २० मिलिमीटर उंच होते. शिवाय टायर दोन्ही बाजूंना सुमारे २०-२० मिलिमीटर वाढल्याने चाक पूर्ण वळवताना ते आतल्या भागांना घासू शकते. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये.

तुम्ही करून पाहा

हे सर्व माझ्या शब्दावर मानू नका. एक सायकल घ्या. मागच्या टायरमध्ये हवा भरून ती मापकाने मोजा. टायरला ओला चुना किंवा शाई लावा, मित्राला सीटवर बसवा, आणि चाक न फिरवता आलेख-कागदावर अलगद टेकवून उचला. उमटलेल्या ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. वजनकाट्यावर तेच चाक ठेवून, मित्र बसलेला असताना, त्यावरचा भार मोजा. आता हवा कमी करून पुन्हा ठसा घ्या. प्रत्येक वेळी दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार भाराशी ताडून पाहा. तो भारापेक्षा कमी आला तर उरलेला भार कोण उचलत असेल, याचा विचार करा. जमल्यास जाड टायरच्या सायकलवर, तितकाच दाब ठेवून, हाच प्रयोग करा. शिक्षकांनी वर्गातील गटांना वेगवेगळे दाब वाटून दिले तर तासाभरात सुंदर आलेख तयार होतो.

माझ्या विद्यार्थ्याने ते टायर काढून मूळ आकाराचेच, पण खोल नक्षीचे टायर बसवले. गाडीत हवा भरण्याचा छोटा पंपही ठेवला. चिखलात शिरताना तो बेताने हवा सोडतो, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी न चुकता पुन्हा भरतो. कारण कमी हवेचे टायर वेगात सतत लवते, तापते आणि फुटू शकते. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी असे टायर बदलण्याच्या विचारात असेल, तर खरेदीपूर्वी त्यांना एवढेच विचारा: "टायरच्या तक्त्यात तुमच्या रिमची रुंदी बसते का?"