प्रयोगाची नोंद खरी असावी

नवे वाण शेतकऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी त्याचा प्रयोग घेतला जातो. या प्रयोगाचे मोल नोंदीच्या खरेपणावर अवलंबून असते. नोंद खोटी झाल्यास केवढी हानी होते, हे सोव्हिएट रशियाच्या इतिहासावरून दिसून येते.

१९२९ च्या सुमारास ट्रोफिम लायसेंको यांनी असे प्रतिपादन केले की, हिवाळी गव्हाचे बी भिजवून काही काळ थंडीत ठेवल्यास ते वसंत ऋतूत पेरता येते व उत्पन्नही वाढते. थंडीचा बियाण्यावर परिणाम होतो, ही गोष्ट खरी व पूर्वीच ज्ञात होती. उत्पन्नवाढ मात्र सिद्ध व्हावयाची होती. त्यासाठी शेजारी साध्या बियाण्याचा वाफा ठेवून काटेकोर तुलना करावयास हवी होती. त्याऐवजी सामूहिक शेतांकडे प्रश्नावल्या पाठवून आकडे मागविण्यात आले. अपयश कळविणे धोक्याचे असल्यामुळे अनुकूल आकडे वर गेले.

जगभर फिरून पिकांचा मोठा बीजसंग्रह करणारे शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी लायसेंकोंच्या मतांना विरोध केला. १९४० साली त्यांना अटक झाली व १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्को येथील अधिवेशनात आनुवंशशास्त्र त्याज्य ठरविण्यात आले. १९६५ साली लायसेंकोंचे संचालकपद गेले. तोपर्यंत पीकसुधारणेची कित्येक वर्षे वाया गेली होती.

गावातील प्रयोगासही हाच न्याय लागू पडतो. त्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. प्रयोगात कोणता धोका आहे, हे शेतकऱ्यास आधी सांगून त्याची संमती घ्यावी. हंगाम त्याचा असतो.

२. नव्या वाणाशेजारी नेहमीच्या वाणाचा वाफा ठेवावा. जमीन, खत, पाणी व पेरणीचा दिवस दोहोंस सारखाच असावा.

३. उत्पन्न नजरेने न अंदाजता वजन करून लिहावे.

४. कीड, रोग, पावसाचा खंड व पीक बुडाल्याची नोंद त्याच दिवशी करावी.

५. वरिष्ठांस आवडेल म्हणून आकडा बदलू नये. वरिष्ठांनीही अपयश कळविणाऱ्यास दोष देऊ नये.

एका शेतातील अपयश प्रामाणिकपणे नोंदविले गेले, तर ते त्या शेतापुरतेच राहते. ते लपविले, तर पुढील वर्षी तेच बी शंभर शेतांत पेरले जाते आणि त्याची किंमत शेतकऱ्याच्या कुटुंबास मोजावी लागते.