रेल्वेनें येणारें विष व आपलें धान्य

आजऱ्यास आगगाडी नाहीं. तेव्हां रेल्वेंतील घातक मालाशीं आपला संबंध काय, असें वाचकबंधूंस वाटण्याचा संभव आहे. परंतु आपलीं पुष्कळशीं खतें रेल्वेच्या वाघिणींतून येतात आणि पुढें मालमोटारीनें आपल्या दाराशीं पोहोंचतात.

सन २००४ च्या फेब्रुवारींत इराणांत निशापूरजवळ गंधक, खत, पेट्रोल व कापूस यांनीं भरलेल्या वाघिणी आपोआप घरंगळत जाऊन घसरल्या व पेटल्या. आग विझवीत असतांच स्फोट होऊन सुमारें ३०० माणसें प्राणांस मुकलीं. पेट्रोल वगळल्यास हे सारे जिन्नस शेतकऱ्याच्या नित्य ओळखीचेच!

स्फोट निदान दिसतो तरी. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन या कीटकनाशकाचे डबे व अन्नाचीं पोतीं एकाच जहाजांतून आलीं. डबे गळले, पोतीं भिजलीं, आणि त्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसें मेलीं. भाजूनही विष गेलें नव्हतें. न्यायमूर्ति शहा यांच्या आयोगानें चौकशी केली. पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. आम्हीं महसूल खात्यांत हयातभर कारकुनी केल्यामुळें नियम वाचण्याची खोड जडली आहे, ती येथें उपयोगी पडली. ३५ वा नियम म्हणतो कीं, रेल्वेनें पाठवावयाचीं औषधें रेल्वेच्या ‘रेड टॅरिफ’प्रमाणें बांधावीं, अन्नास वा जनावरांच्या खाद्यास लागतील अशा रीतीनें तीं नेऊं अगर ठेवूं नयेत, लागलेला माल तपासणीवांचून खाण्यास देऊं नये, आणि गळती झाल्यास विषबाधा व जमीन-पाण्याचा बिघाड टाळण्याची जबाबदारी वाहतूकदाराची.

गेल्या आषाढांत आमच्याकडे आलेलें सरकी-पेंडीचें एक पोतें ओलें व उग्र वासाचें निघालें. मोटारवाल्यास विचारतां, वर औषधाचे डबे होते, असें तो सहज बोलून गेला! घरच्या मंडळींनीं तोंवर घमेल्यांत पेंड भिजत घातली होती, आणि म्हैस दावणीला हंबरत होती. घमेलें तसेंच उचललें. उन्हांत वाळवून चारा, असा शेजाऱ्यांचा सल्ला. तो आम्हीं मानला नाहीं. पोतें अलग ठेवून कृषि अधिकाऱ्यांस लेखी कळविलें. पैसे बुडाले, म्हैस वांचली.

असल्या विषानें लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. अशा रोग्यास दवाखान्यांत नेतांना डब्यावरील चिठ्ठी अवश्य बरोबर न्यावी. उतारा कोणता द्यावयाचा तें डॉक्टरांस त्यावरून लवकर ठरवितां येतें.

हल्लीं माल उतरवून घेतांना आम्ही प्रत्येक पोतें हुंगून पाहतों. हमाल हंसतात, हंसोत.